कारखाना सुरू झाला

त्या दिवशी मी बाबांकडे गेले ते नुसती टोपली घेऊन. शरदातला तो दिवस आमच्याकडे उरलीसुरली वाळकी मासळी टाकून देण्याचा असतो. उडत्या माशाचा हंगाम सरला की त्यापुढे तो खायचा नाही, कितीही चांगला राहिला असला तरी. म्हाताऱ्या माणसाला वाकवत नाही, म्हणून दरवर्षी मीच जाऊन त्यांच्या मासळी टांगायच्या दोऱ्या मोकळ्या करायची.

आई गेल्यापासून बाबा किनाऱ्यालगतच्या जुन्या घरात एकटेच राहायचे. जमिनीत खणून बांधलेलं, बुटकं घर. गाव त्यांना स्यापेन लामित म्हणायचं, म्हणजे लामितचे, माझ्या थोरल्या लेकराचे, आजोबा. मी दोन पायऱ्या उतरले आणि थबकले. दोऱ्या रिकाम्या होत्या. आणि वास... तो मासळीचा नव्हता. चिघळलेल्या जखमेवरची पट्टी सोडताना येतो तसला, गोडसर.

“मासळी सकाळीच टाकली मी,” बाबा आतून म्हणाले. “बस पोरी. जेवून घे.”

फळीवर पाच डबे ओळीने मांडले होते. नवेकोरे, चकचकीत. वेष्टनावर चिनी अक्षरांत आमच्या बेटाचं नाव, आणि खाली ‘मासळी कारखाना’.

आमच्या बेटावर मासळीचा कारखाना नाही. कधीच नव्हता. बाबा तरणे होते तेव्हा तैवानहून एक साहेब आला होता. दक्षिण टोकाची जमीन द्या, म्हणाला, मासे डबाबंद करायचा कारखाना काढतो, घरटी एकाला काम देतो. कागद चिनी भाषेतला, आमच्या कुणालाच वाचता येत नव्हता. गावातल्या सहा जणांनी अंगठे उठवले. बाबा त्यांतले एक. सिमेंटच्या गोण्याही त्यांनीच वाहिल्या. मग बोट आली आणि तिच्यातून पिवळी पिंपं उतरली. अणूपासून वीज करून उरलेला विषारी कचरा, जो त्यांना स्वतःच्या दारात नको होता. त्या सहांतले पाच जण एकेक करून गेले. बाबा मात्र चाळीस वर्षं त्या टोकाकडे पाठ करून बसत आले.

मी विचारलं, हे डबे कुणी दिले?

“तोच साहेब. सकाळी येऊन गेला. तसाच आहे गं, एक केस पिकला नाही. म्हणाला, उशीर झाला, माफ करा, पण कारखाना सुरू झालाय...” बाबा हसले. तसं हसताना मी त्यांना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. “आम्ही खोटं बोललो नव्हतो, म्हणाला.”

मी एक डबा उचलला. कोमट होता, कुशीत झोपलेल्या मुलाच्या टाळूसारखा. दुसरा बाबांनी उघडून ठेवला होता. पिवळ्या तेलात पांढरं, लिबलिबीत मांस. ना खवले, ना काटा. हा मासा कुठला, मी विचारलं. आमच्यात बायकांचा मासा वेगळा, पुरुषांचा वेगळा, म्हाताऱ्यांचा वेगळा. नाव कळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही.

“हा सगळ्यांना चालतो,” म्हणत त्यांनी बोटांनी एक तुकडा काढला.

तो तेलातून निथळत वर आला तेव्हा मला दिसलं. अंगठ्याचं पेर होतं. वरच्या रेघा स्पष्ट, आणि रेघांमध्ये अजून जांभळी शाई. बाबांनी ते तोंडात घातलं. हळूहळू, चवीने चावलं. नख दातांखाली वाजलं.

मी तिथेच ओकले. मग त्यांचे दोन्ही हात धरून पाहिले. अंगठे जागेवर होते. पाचही डबे मी टोपलीत कोंबले. बाबांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, “हळू ने. ओळखीचे आहेत.”

दक्षिण टोकाच्या फाटकापर्यंत तासभर चालले. टोपलीतून झिरपलेलं तेल पाठीवरून कमरेपर्यंत ओघळलं, आणि तेही कोमटच. फाटकावरच्या तैवानी पहारेकऱ्याला मी म्हटलं, तुमचा माल परत घ्या. चाळिशीचा, सभ्य माणूस. इथे कसला कारखाना मावशी, म्हणाला, इथे पिंपं आहेत, सगळ्या जगाला ठाऊक आहे. मग त्याची नजर टोपलीत गेली. त्याने वेष्टनावरून हात फिरवला.

“हे अजून मिळतं?” त्याचा आवाज एकदम हळवा झाला. “लहानपणी आमच्याकडे हेच असायचं. दर रविवारी आजी एक डबा उघडायची.”

त्याने उघड्या डब्यात बोट बुडवलं. मी टोपली तिथेच टाकून पळाले.

नवव्या दिवशी बाबा गेले. पोट ताठ फुगलं होतं, ओठांच्या कडेने तेल येत होतं. कितीही पुसलं तरी येतच राहिलं. भावाने आणि मी त्याच दिवशी त्यांना पुरलं आणि घराभोवती भाले रोवले. मेलेल्याला आमच्यात सगळेच भितात. अशा घराच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी बाबांच्या घरात एकटीच राखणीला बसले होते, तेव्हा पायऱ्या उतरून कुणीतरी आत आलं. तो पहारेकरी होता. अंगात धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले. बाबांबद्दल कळलं, फार वाईट झालं, असं म्हणून त्याने मान खाली घातली. मग रिकाम्या फळीकडे पाहिलं, आणि खोल श्वास घेतला.

“मावशी,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “नवा डबा आला असेल ना... आता?”

त्याने बरोबर भाताचा वाडगा आणला होता. भातातून वाफ निघत होती.