जाणाऱ्या हवेची ऊब

रविवारी दुपारी प्रभाकर सूतगिरणीच्या पंखाघराची किल्ली घेऊन निघाला, तेव्हा हातात तेलाचा डबा आणि ब्रश एवढंच होतं. सोमवारी सकाळी कारखान्यांचे इन्स्पेक्टर येणार होते. नळ्या झाडायच्या आणि नोंदवहीत ‘झडप उघडी होती’ अशी ओळ लिहायची, मॅनेजरने सांगितलेलं काम इतकंच.

राज्यांच्या फेररचनेत बुऱ्हाणपूरचा कारभार नागपूरहून भोपाळला गेल्याला दोन हिवाळे झाले होते. पूर्वी नागपूरचे साहेब मराठीत खोटं ऐकून जात, आता हे हिंदीत ऐकून जाणार. फरक म्हणावा तर तेवढाच.

सूतगिरणीच्या फाटकाशी मालूबाई बसली होती. तिचा नवरा उखर्डू गेल्या आठवड्यात पिंजण खात्यात गुदमरून मेला. दारू पिऊन पडला, असं मॅनेजरने गावभर केलं होतं.

“प्रभाकरभाऊ, माझा मानूस दारूले शिवत नव्हता. उद्या साहेबाले सांगसाल ना?”

“बघतो, मालूबाई,” म्हणत तो आत सटकला.

खरं काय ते त्यालाच ठाऊक होतं. थंडीत सूत तुटतं, म्हणून पंखाघरात पत्र्याची मोठी पेटी बसवली होती. खात्यातली गरम, कोंदट हवा तिच्या नळ्यांतून बाहेर जाई आणि बाहेरची गार हवा त्याच नळ्यांना घासून आत येई. जाणारी आपली ऊब येणारीला देऊन जाई. नळ्या कापसाच्या तुसाने बुजल्या की ऊब कमी पडे. उखर्डू मेला त्या दिवशी नळ्या झाडायचा कंटाळा केला प्रभाकरने, आणि बाहेरच्या हवेची झडपच लावून टाकली. उष्णतेचा काटा पाहिजे तिथे राहिला. आत मात्र तीच धुळीची हवा फिरत राहिली, आणि उखर्डूला दमा होता.

आज पंखा बंद होता, वीजही तोडलेली. प्रभाकरने नळ्यांच्या तोंडाशी हात नेला आणि झटकन मागे घेतला. गरम होतं. हवा येत होती... थांबत होती... पुन्हा येत होती. ओल्या कापसाचा वास, आणि आत कुठेतरी खरखर.

“कोण?... उखर्डू?...”

खरखर थांबली. कुणी कान देऊन ऐकावं तशी.

प्रभाकर दाराकडे सरकला. “सांगतो रे... उद्या खरं सांगतो...”

मग एक लांब, ऊबदार सुस्कारा त्याच्या तोंडावर आला आणि नळ्या गार पडल्या. प्रभाकर वही न उघडताच पळाला.

सकाळी सातला अंगणात इन्स्पेक्टर उभे होते, शेजारी मॅनेजर. फाटकाशी मालूबाई.

“झडप खुली थी?”

प्रभाकरला घरच्या दोन्ही पोरी आठवल्या, मॅनेजरची नजर दिसली.

“हां साब, खुली थी. आदमी पिया हुआ था.”

बोलून झालं आणि त्याला स्वतःची किळस आली. साहेबांनी लिहून घेतलं, मॅनेजरने त्याची पाठ थोपटली, आणि दोघे ऑफिसात चहाला गेले.

मालूबाई उठून जवळ आली. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. थंडी कडाक्याची होती. बोलताना साहेबांच्या तोंडातून वाफ निघाली होती, मॅनेजरच्याही, आणि आता तिच्या तोंडातूनही निघत होती.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “तुमची वाफ कुठे गेली?...”

प्रभाकरने तळहात तोंडापुढे धरून श्वास सोडला. हाताला गार लागला, काल गार पडलेल्या त्या नळ्यांसारखा.