सातवी पात

खोटं वाटत असेल तर आमगावजवळच्या आमच्या गावी या आणि ओमेश्वरी मावशीला विचारा. ती काही सांगणार नाही. उठून आत जाईल. मग समजा.

२००४ सालचा जुलै. भरदुपारची वेळ.

बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सहा बाया धानाचा रोवणा करत होत्या, रोपं लावत होत्या. रोवताना वाकून मागे मागे सरकावं लागतं. प्रत्येकीची आपली पात, रोवायची पट्टी. रोवलेलं तेवढं समोर दिसतं.

पाठीमागे काय आहे, ते दिसत नाही...

रोवण्याचं गाणं दोघींचं. मावशी विचारायची, "संग कोन येते वो बाई, संग कोन येते?" तिची मैत्रीण निर्मलाबाई बांधीतल्याच एखादीचं नाव गाऊन उत्तर द्यायची. नाव आलं की बाया खिदळायच्या. वीस वर्षं हीच जोडी.

त्या उन्हाळ्यात निर्मलाबाई साप चावून गेली.

गावचा रिवाज असा, की जोडीतली एक गेली तर रोवणा लागायच्या आधी दुसऱ्या बाईची ओटी भरायची, तिला ती जागा द्यायची. तोवर प्रश्न गायचा नाही. मावशीने ओटी भरलीच नाही. निर्मलाच्या जागी दुसरी कोणी तिला बघवत नव्हती. जीव होता तिचा निर्मलावर.

त्या दुपारी कंबर भरून आली आणि सवयीने तोंडून निघून गेलं...

"संग कोन येते वो बाई, संग कोन येते?"

बायांचे हात थांबले.

"काऊन वं, जागा देल्ली का तू कोनाले?" शेजारच्या पातीतल्या सुशिलाबाईने विचारलं.

मावशीने जीभ चावली.

तेवढ्यात मागून, चिखलाकडून, उत्तर आलं...

"नीतू..."

नीतू म्हणजे मावशीची मुलगी. सोळा वर्षांची. त्याच रांगेत रोवत होती.

सगळ्या गर्रकन वळल्या. मागे कोणीच नव्हतं. पाणीसुद्धा हललं नव्हतं.

पुन्हा समोर पाहिलं...

बाया सहा. पाती सात.

मावशी या टोकाला होती. सातवी पात पार त्या टोकाला, बांधाला लागून. ताजी रोवलेली.

संध्याकाळी नीतू तापाने फणफणली. डॉक्टरने रक्त तपासलं, काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी ती आईलाही ओळखेना. पडल्या पडल्या तिचे हात मात्र हलत होते...

रोवल्यासारखे.

मावशी उठली.

"कोठी चालली?" भोजराज मावसांनी विचारलं.

"बांधीत. मीनंच इचारलं होतं. मीच सांगतो."

भर उन्हात ती एकटी चिखलात उतरली. वाकली. प्रश्न गायला. आणि मागून काही यायच्या आत उत्तरही स्वतःच गायलं.

स्वतःचं नाव.

मागे चिखलात कोणीतरी पाय उचलला. चपक... मग सगळं शांत.

घरी आली तेव्हा नीतू उठून बसली होती. पेज मागत होती.

पुढच्या वर्षीही सातवी पात निघाली. पण बांधाला लागून नाही. एक पात अलीकडे.

त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक.

आता २००९ साल चालू आहे. गेल्या रोवण्याला त्या सातव्या पातीच्या आणि मावशीच्या मधे एकच पात होती. सुशिलाबाईची.

नीतू लग्न होऊन बालाघाटला गेली. आईने स्वतःचं नाव दिलं, हे तिला माहीत नाही.

काल मी फोन करून हात जोडले. "मावशी, यंदा बांधीत जाऊ नको. मजूर लाव."

ती म्हणाली, "मी नाही गेली तं ते पुन्हा नीतूचं नाव घेईन, बापू."



आज सकाळी मावसांचा फोन आला. रोवणा लागला आहे. सुशिलाबाईला बरं नाही, ती घरीच आहे.

मावशी बांधीत गेली आहे.