दुसऱ्या फेरीचे कागद

ज्वारीच्या कणगीत दामिनीनं कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांना प्लास्टिक लागलं. बाहेर काढलं तर जिलेटीनच्या सहा कांड्या, सुतळीनं घट्ट बांधलेल्या.

"हे काय आहे, गुरुजी?"

धम्मदीप गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. "म्याडम, आईची शप्पथ, मी हे आज पहिल्यांदा पाहून राह्यलो."

असं सगळेच म्हणतात. सब-इन्स्पेक्टर दामिनीला बेल्याजवळच्या सावरखेडीच्या ठाण्यात चार वर्षं झाली होती. तिनं पंचनामा केला, बेड्या घातल्या. मंगळवार, सकाळचे दहा. गल्लीतले लोक नुकतेच स्मशानातून परतले होते. शेजारचे म्हातारे बाबाराव सोमवारी संध्याकाळी वारले आणि मंगळवारी दिवस उगवतानाच त्यांना अग्नी दिला होता. ओल्या केसांनी, ओल्या धोतरांनी माणसं दारादारात उभी राहिली आणि गुरुजींना नेताना बघत राहिली.

गुरुजींचा गुन्हा दुसराच होता आणि तो सगळ्या गावाला ठाऊक होता. मतदान तीन आठवड्यांवर आलेलं. खासदार चंपतरावांनी दिल्लीत अंतर्गत सुरक्षा कायद्याच्या बाजूनं मत दिलं, हे गुरुजी घरोघरी सांगत फिरत होते. पुराव्याआधीच उचलायचं आणि वर्षभर जामीन नाही, असा तो कायदा. गावानं ते मनावर घेतलं होतं. चंपतरावांच्या सभेला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी.

आता त्याच कायद्याखाली गुरुजी आत होते. शुक्रवारी दुपारी बाराला कागद विशेष न्यायालयात गेले की वर्षभर कोणाच्या बापालाही त्यांना सोडवता येणार नव्हतं. बुधवारी दोन शिपायांनी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. दामिनी धावत पोचली, पण बोटं मोडून झाल्यावर.

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. ज्या निनावी फोनवरून तिनं झडती घेतली, तो 'घरात शोधा' म्हणाला नव्हता, 'ज्वारीच्या कणगीत शोधा' म्हणाला होता. घराबाहेरच्या माणसाला कणगी कशी ठाऊक?

गुरुवारी सकाळी ती गुरुजींच्या आईकडे गेली. चंद्रभागाबाई चूल न पेटवता बसल्या होत्या.

"मावशी, या आठवड्यात घरात कोण कोण आलं?"

"कोन येईन, बाई? बाबाराव रोजच ये. चहाले."

"आणखी?"

"आयतवारी ते कागद भरनारी पोरगी आली. वृषाली. संग तो खासदाराचा अमर होता. म्या चहा ठेवाले आत गेली."

"बाबाराव विहिरी खोदायचे ना? सुरुंग लावायचे?"

"जवानीत. सुरुंगानंच त्याचा आंगठा फाडला. शेंड्यापासून खाली उभा चिरला होता. तवापासून जिलेटीनचं नाव काढलं का थुके तो." चंद्रभागाबाईंनी दामिनीचा हात धरला. "माह्या पोराले मारलं का वो तुमी?"

दामिनीनं हात सोडवून घेतला. ती तडक अमरकडे गेली.

अमर हा चंपतरावांचा भाचा आणि त्यांच्या प्रचाराचा कारभारी. कापूस-व्यापाऱ्याच्या जुन्या गोदामात त्याचं कार्यालय होतं. त्यानं दामिनीला खुर्ची दिली, थंड पाणी मागवलं.

"म्याडम, तुमी त्या बाबारावचा इचार करा. जुना सुरुंगवाला. त्याचाच माल असन, गुर्जीनं लपवला."

"तुम्ही रविवारी त्या घरात गेला होता."

"सर्वेले. पन्नास घरी गेलो. त्यात काय?"

"कसला सर्वे?"

अमरची छाती फुगली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्यानं स्वतःच दोन गठ्ठे टेबलावर आपटले. "पहिली फेरी आयतवारची. मामानं कायद्याले हो म्हनलं, तर मत देसान का? शंभरात एकतीस हो. दुसरी फेरी कालची, बुधवारची. शंभरात चौसष्ट! लोकाईले आता समजलं कायदा काऊन पाह्यजे ते."

दामिनीनं दुसरा गठ्ठा ओढला. प्रत्येक कागदावर छापील प्रश्न होता: 'तुमच्या गल्लीत स्फोटकं सापडली. आता सुरक्षा कायद्याच्या बाजूनं मत देणारा खासदार हवा का?' खाली हो किंवा नाही, मग सही किंवा अंगठा. ती एकेक कागद उलटत गेली. सत्ताविसाव्या कागदावर थांबली.

"वृषालीला बोलवा."

वृषाली आली. बारीक अंगाची, तोंडाला ओढणी बांधलेली.

"हे अंगठे काल घेतलेस?"

"हो."

"प्रत्येकाच्या घरी जाऊन?"

"हो म्याडम."

"मग बाबारावांच्याकडे स्मशानात गेली होतीस का?"

वृषालीनं अमरकडे पाहिलं. अमरनं पाण्याच्या ग्लासाकडे.

"सांग, नाहीतर त्याच कायद्याखाली तुलाही नेते."

पोरगी रडायलाच लागली. "एका कागदाचे वीस रुपये भेटते, म्याडम. दोनदा उन्हात कोन फिरन? सारेच असंच करते. ज्याईले वाचता येत नाई, त्याईचे दोनी फेऱ्याईचे आंगठे आयतवारीच घेतले. हो-नाई मंग घरी बसून भरलं. अमरभाऊनं दोनी गठ्ठे आयतवारीच देले होते; दुसऱ्या फेरीच्या कागदावर काय छापलं, म्या वाचलं बी नाई."

"मी वाचलंय," दामिनी म्हणाली. "हा ठसा शेंड्यापासून उभा चिरलेला आहे, असा दुसरा या गावात नाही. बाबाराव सोमवारी मेले, मंगळवारी उजाडताच जळले. कांड्या मला दहाला सापडल्या. अमर, मेलेल्या माणसानं त्या स्फोटकांवर मत दिलं कसं? तर हा प्रश्न रविवारीच छापून तयार होता म्हणून. आणि छापला तुम्ही. मावशी चहा ठेवायला आत गेल्या, वृषाली कागद मांडत बसली, तेव्हा कणगीजवळ एकटे तुम्हीच होता. फोनही तुमचाच. एकतीसचे चौसष्ट करायला तुम्हाला एक मास्तर पुरला."

अमर हसला. खरंच हसला. "नुसते भाषनानं लोकं भेत नाई, म्याडम. कोनाचं तरी पोरगं जावंच लागते."

त्याच्या हातात बेड्या पडल्या तेव्हा तो मामाला फोन लावत होता. चंपतरावांनी उचलला नाही. संध्याकाळी त्यांनी पत्रकारांना सांगितलं की अमर नावाच्या कार्यकर्त्याशी आपला काही संबंध नाही.

शुक्रवारी अकराला गुरुजी सुटले. दामिनीनं स्वतः त्यांना घरी पोचवलं. गल्लीतून चालताना दारं लागत गेली. सुक्याबरोबर ओलं जळतं, हे गल्लीनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आता कोणालाच सुक्याशेजारचं ओलं व्हायचं नव्हतं.

मतदान झालं, मोजणी झाली. चंपतराव निवडून आले. गुरुजींच्या गल्लीच्या केंद्रावर त्यांना शंभरात एकाहत्तर मतं पडली. खरं काय ते पेपरात छापून आलं होतं, सगळ्यांनी वाचलं होतं.

निकालाच्या संध्याकाळी दामिनी गुरुजींकडे गेली. मोडलेली बोटं मांडीवर ठेवून गुरुजी भिंतीला टेकून बसले होते.

"एकाहत्तर," ते म्हणाले. "मी सुटून आलो तरी! कोन हायेत हे लोकं, आई?"

चंद्रभागाबाईंनी त्यांचा मोडका हात स्वतःच्या मांडीवर घेतला. मग खाली मान घालून म्हणाल्या, "म्या बी त्यालेच देलं, बापू. तो पडला असता, अन् रागानं तुले आनखी नेलं असतं तं?"