दोर टाक, चा प्यायला येतो

खोटंच सांगायचं असतं, तर शेवट तरी गोड केला असता. हे खरंच घडलंय. जानूच्या तोंडून जसं आलं, तसं सांगतो.

साल १९६४. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम नुकतंच सुरू झालं होतं. शेजारच्या कोळीवाड्यातल्या जानूला मुंबईहून आखातात जाणाऱ्या प्रवासी जहाजावर खलाशाचं काम लागलं. जहाज कसलं, तरंगतं गावच!

निघायच्या आदल्या दिवशी रामाकाकानं त्याला अंगणात बसवलं. म्हाताऱ्याची उभी हयात असल्या जहाजांवर गेलेली.

"पैल्यांदा वाट चुकशील. लाजू नको, विचार. पायाखाली दर्या हाय, ह्ये पन विसरशील. पेल्यातला चा हलायचा नाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "आनी होडी दिसत नाय, नि खालनं कोनी नावानं हाक मारली... तर ओ देऊ नको. ती बुडालेल्याची हाक."

जानूचा थोरला भाऊ पुंडलिक खो खो हसला. "माजी होडी दर्यात भेटली तर वरनं दोर टाक रं. चा प्यायला येतो!"

बापामागं पुंडलिकनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. जानूचा त्याच्यावर फार जीव.

पौषातली सकाळ. जहाज मुंबई सोडून उत्तरेला चाललेलं. दाट धुकं. जानू कठड्याशी दोर गुंडाळत होता. शेजारी चहाचा पेला.

रामाकाकाचं खरं होतं. चहा हलत नव्हता.

आणि मग...

पेल्यात लाट उठली. एकच.

खालून हाक आली. "जानू..."

तो वाकला. नुसतं धुकं. होडी नाही, शीड नाही.

"जानू... दोर टाक!"

आवाज पुंडलिकचा!

दोर हातातच होता. पण या धुक्यात, एवढ्या उंचावर आपण उभे आहोत हे दादाला कसं कळणार? म्हणजे हा दादा नव्हेच. जानूनं दातांत ओठ धरला. ओ दिली नाही.

जहाजाच्या कुशीला काहीतरी खरवडत मागे गेलं... मग तेही थांबलं.

आत प्रवाशांचा नाश्ता रंगात आला होता. कुणाला काही जाणवलंच नाही.

पुढच्या बंदरात जहाजाच्या नाकाडाला अडकलेला जाळ्याचा तुकडा खलाशांनी काढला. त्यावरची गाठ जानूनं लगेच ओळखली. तशी गाठ एकटा पुंडलिक मारायचा.

दीड महिन्यानं जानू घरी पोचला. आई, काशीबाई, चुलीपाशी बसलेली.

"आये, दादा?"

"पौषात गेला. होडी नाय, मानूस नाय." तिनं मान वर केली नाही. "पन त्याच सांजला घरी आला होता."

"कोन?"

"पुंडलिक. निथळत होता. मी चा दिला, शिवला नाय. बोलला, चा प्यायला जानूकडं गेलो होतो..."

जानू तिथंच खाली बसला.

"बोलला, जानू वरनं बघत होता. हातात दोर होता. टाकला नाय."

यातलं अक्षरही जानूनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आईनं चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला. घर जमिनीवर होतं. वारा नव्हता. तरी पेल्यात लाट उठली... एकच.

घरामागून, खाडीच्या बाजूनं हाक आली. "जानू..."

आई उठली. खुंटीवरचा दोर काढून तिनं त्याच्या मांडीवर आदळला.

"जित्ता होता तवा टाकला नाय. आता टाक."

जानू परत जहाजावर गेला नाही. आईला जाऊनही वर्षं लोटली. त्या सांजेला दोर टाकलास का, असं विचारलं की तो उठून जातो.

मीही आता विचारत नाही. त्याच्याकडे गेलो तरी चहा घेत नाही. पेला समोर आला, की माझी नजर त्यातल्या चहावरून हटत नाही.