बत्तिसावा गाभा

पटलं नाही तर सोडून द्या, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. वैष्णवी माझी मामेबहीण. आणि हे रात्री घडलेलं नाही... मागच्या मार्चमध्ये, एका रविवारी, भर दुपारी, नाशकात इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये घडलं.

वैष्णवी पीएचडी करते. आकाशात गॅस आणि धुळीचे अवाढव्य ढग असतात, त्यांत तारे जन्मतात. ढगातल्या दाट गोळ्याला गाभा म्हणतात. त्याचं वजन पुरेसं भरलं तर तारा होतो. नाही भरलं तर विरून जातो.

वजन काढायचं धुळीच्या उजेडावरून. त्यासाठी आधी तापमान धरावं लागतं. उजेड तेवढाच असला, तरी गाभा जितका थंड धरावा तितका जड निघतो.

तिच्या यादीत एकतीस गाभे होते. सोमवारी यादी सरांना पाठवायची होती.

त्या दुपारी बत्तीस निघाले.

बत्तिसाव्याचं वजन, सूर्याच्या पटीत, २.३५. दुर्बिणीच्या चित्रात त्या जागी मात्र... काहीच नव्हतं.

तिने ओळ खोडली. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. ओळ परत आली.

मग तापमान बदललं. एकतीस वजनं बदलली, बदलायलाच हवीत. बत्तिसावं... २.३५च.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, फ्रिजची घरघर थांबलीय. पंखा फिरतोय, पण आवाज नाही. बाहेर हायवेच्या बोगद्याकडचे हॉर्नही नाहीत.

आणि पाठीमागे, अगदी जवळ... कुणीतरी इवलीशी उचकी दिली.

ती किंचाळली. सवितामामी धावत आली.

"वैशू, काय झालं गं?"

वैष्णवीच्या तोंडून नुसता आकडा निघाला. "दोन पॉइंट पस्तीस."

मामी उंबऱ्यातच खाली बसली.

वैष्णवीच्या आधी मामीला मुलगा झाला होता. हरसूलला, घरीच. तो रडलाच नाही. त्याचं वजनही कुणी केलं नाही. "केवढा होता माझा?" असं मामी तीस वर्षं ज्याला त्याला विचारत आलीय. हा आकडा तिला त्याचंच उत्तर वाटला, किलोत.

मामी उठली. काट्यावर दोन किलो साडेतीनशे ग्रॅम तांदूळ मोजले, कापडी पिशवीत बांधले आणि पिशवी खांद्याशी धरली.

"नाय. याच्यापेक्षा जड होता."

तिने पिशवी कॉटवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वैष्णवीला स्वतःचाच राग आला. उगाच बोलून बसले, असं तिला झालं.

संध्याकाळी तिने पिशवी उचलायला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

तांदूळ बर्फासारखे गार.

काट्यावर वजन तेवढंच. दोन किलो साडेतीनशे.

मामीने पिशवी पुन्हा खांद्याशी धरली. डोळे मिटले.

"आता बरोबर," ती म्हणाली. "गार पडला होता ना... म्हणून जड लागला."

त्यानंतर यादीत एकतीसच गाभे निघाले. सोमवारी वैष्णवीने ती पाठवून दिली.

पिशवी अजून मामीच्या उशाशी असते. दिवाळीत मी गेलो, तेव्हा मामीने ती माझ्यापुढे केली.

"घे की. तुझा भाऊच हाय."

मी दोन्ही हात खिशात घातले... आणि अजूनही मला त्याची लाज वाटते.