आठवं मिनिट

कोथरूडच्या वैजनाथरावांना फोटोचा नाद. तोही साधासुधा नाही. ट्रंकेएवढा लाकडी कॅमेरा, डोक्यावर काळं फडकं आणि वहीच्या पानाएवढी एकेक फिल्म. माणसांचे फोटो ते काढत नसत. डोंगर कसा, हलत नाही आणि ‘मी जाड दिसतेय’ म्हणून रुसतही नाही.

हिंजवडीला तेव्हा कंप्युटरवाल्यांच्या इमारती उठत होत्या. वडिलांच्या विकलेल्या रानातली विहीर सकाळी बुजवणार होते, म्हणून राव आदल्या संध्याकाळी गेले. फिल्म उरलेली एकच. भिंग आठ मिनिटं उघडं ठेवायचं होतं. आता या माणसाला गप्प कुठलं बसवतंय? कॅमेऱ्यामागून हाळी देत मोजायला लागले.

“एक झालं.”

विहिरीतून आलं, “एक झालं.”

सातापर्यंत विहिरीनं चोख साथ दिली. आठाला मात्र गप्प.

“दमली बिचारी,” राव हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघरात फिल्म धुवायला बसले. आतली कडी मोडकी, म्हणून दार बायकोनं, मुक्ताईंनी, बाहेरून लावायचं आणि भिंतीवरचं घड्याळ बघून मिनिटं सांगायची, ही वीस वर्षांची रीत.

“मुक्ते, लाव गं कडी.”

कडी लागली. काळामिट्ट अंधार झाला. राव चाचपडत फिल्म औषधाच्या ट्रेमध्ये हलवू लागले.

“अहो, एक झालं.”

दोन. तीन. सात झाली. आठाला फिल्म दुसऱ्या ट्रेमध्ये टाकायची. राव थांबले. थांबलेच.

“मुक्ते, आठ?”

“सात झाली...”

रावांना हसू आलं. गेल्याच आठवड्यात त्यांनी बायकोचा चष्मा तांदळाच्या डब्यात पुरला होता. ती आज फेडत होती तर.

“चेष्टा पुरे. फिल्म काळी पडेल. विहीर गेली, आता पुन्हा मिळायची नाही.”

“सात झाली...”

आवाज दाराकडून नव्हता. शेजारून होता, खालून. शेवाळाचा वास सुटला. राव घाईनं दुसरा ट्रे चाचपू लागले. हात गार पाण्यात गेला. मनगट बुडालं, कोपर बुडालं... तळ लागेना.

त्यांनी हात उपसला आणि दारावर धडका द्यायला सुरुवात केली. किती वेळ, देव जाणे.

कडी निघाली. उजेड आत घुसला आणि फिल्म काळी पडली, पार कोळसा.

दारात मुक्ताई उभ्या होत्या, पायात चपला तशाच. “अहो, कडी कुणी लावली? तुम्ही झोपलेले बघून मी कधीची बाहेर पडले.”

“आणि मिनिटं?”

“कसली मिनिटं? घड्याळ तर हे.” बुधवार पेठेतून दुरुस्त करून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या काखेत होतं.

रावांनी वळून पाहिलं. ट्रे जेमतेम चार बोटं खोल. त्यांची बाही खांद्यापर्यंत ओली.

“अहो...” ट्रेमधून हाक आली, “आठ झाली.”

मुक्ताईंचे ओठ मिटलेले होते. आवाज मात्र त्यांचाच.