आधी बुडवायचं, मग बटण

खिचडीला रवी लावणारा माणूस द्वारकानं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

बजाजनगरातल्या ओळीच्या खोल्यांत शेवटची खोली तिची. पहिल्या पाळीवरून दमून आली, तर शेजारच्या दारात नवा भाडेकरू बसलेला. पातेलं दोन पायांत धरून, ताक घुसळावं तशी खिचडी घुसळणं चाललेलं! शितं उडून कपाळावर चिकटली होती, पण खिचडी काही दाद देत नव्हती.

"अहो, लोणी नाय निघायचं त्यातून," हसू दाबत ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. गाल सुजलेला, दात घट्ट मिटलेले. त्या मिटल्या दातांमागून आवाज आला, "लोणी नको... पातळ झाली तरी बास."

घरमालकीण आवडाबाई तिथंच धुणं वाळत घालत होत्या. विचारायच्या आत सांगणं हा त्यांचा स्वभाव. "ह्यो बिरू. पैठण रोडला गाडी घसरली अन् जबडा मोडला बघ. डाक्टरनं वरचे-खालचे दात तारांनी बांधलेत. जे काय पोटात जाईल ते फटीतून. आई-बाप मेंढरं घेऊन फिरतीवर, अन् ह्यानं त्यांला कळवलं बी नाय!"

"कळलं तर मेंढरं टाकून येतील," बिरू पुटपुटला.

द्वारकाचं हसू जागीच विरलं. भुकेल्या माणसाला आपण हसलो! ती खोलीत गेली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरचा खोका काढला. आत आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला हँड ब्लेंडर होता. गळ्याच्या दुखण्यात आईला घन घास उतरायचा नाही, तेव्हा दिवसभर ह्याचीच घरघर चालायची. मग आई गेली आणि घरातला आवाजच गेला. भाऊ गावाकडं, त्याच्या संसारात. सणावाराला फोन करायचा, तेवढाच. तेव्हापासून द्वारका ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवायची. एकटीसाठी ताट कोण वाढून घेतं?

तिनं खिचडीत वरण ओतलं, कोमट पाणी घातलं. बटण दाबताच तीच जुनी घरघर खोलीभर झाली. तिचे डोळे भरून आले. बरं झालं, बिरू दारातच उभा होता आणि ती त्याच्याकडं पाठ करून होती.

गाळून दिलेला पेला त्यानं नळीनं हळूहळू संपवला. डोळे मिटले. "लई दिवसांनी... जेवल्यासारखं वाटलं."

मग ते रोजचंच झालं. ती कामावरून आली की तो पातेलं घेऊन हजर. शिकायची हौस दांडगी! पहिल्याच दिवशी त्यानं चालू ब्लेंडर वर उचलला आणि भोपळ्याचं सूप दोघांच्या अंगावर.

"आधी बुडवायचं, मग बटण!" तोंड पुसत ती ओरडली. "अन् बाहेर काढायच्या आधी बंद. एवढं बी कळत नाय?"

"मेंढरं राखली की, बाई. त्यांला बटण नसतंय."

एकदा त्याला भाकरीची आठवण अनावर झाली. बाजरीची भाकर, भाजल्या धान्या-मसाल्याच्या येसराची आमटी... नुसतं नाव घेतानाही त्याचे डोळे चमकायचे. द्वारकाला राहवलं नाही. तिनं भाकर कुस्करून येसराच्या आमटीत भिजवली आणि फिरवली. मसाल्याचा वास तर काय सुटला! पण पेल्यात जे उतरलं ते भिंत लिंपायच्या कामाचं. बिरूनं नळी लावून ओढलं... गाल आत गेले, भुवया वर गेल्या, आमटी मात्र जागची हलेना.

द्वारका पोट धरून हसली. तोही हसायला लागला आणि कळवळून त्यानं गाल धरला. "हसवू नका... तारा वढत्यात!"

"मग बघू नका माझ्याकडं."

"ते... तारांनी बी थांबंना."

ती झटकन वळली. उगाचच गाळणं धुवायला लागली. कान तापले होते.

तो गेल्यावर मात्र ती पुन्हा ओट्यापाशी उभी राहिली आणि गार भात गिळला. बिरूच्या पोटाची काळजी वाहताना तिला रोज वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी एकदा विचारावं...

तारा काढायचा दिवस जवळ आला तसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. जबडा सुटला की ह्याला पातेल्याची गरज नाही आणि पातेल्याची नाही तर आपलीही नाही. डॉक्टर अजून थोडं थांबा म्हणाले तर? असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. माणूस बरा होऊ नये असं वाटण्याइतकी एकटी झाले मी?

तारा काढायच्या दिवशी ती कामावरून आली, तर बिरूच्या दाराला कुलूप. तिच्या कडीला पिशवी लटकवलेली. आत ब्लेंडर—घासून पुसून, आईच्या त्याच लुगड्यात नीट गुंडाळलेला.

"आईला भेटायला जातो म्हणाला," आवडाबाईंनी न विचारताच सांगितलं. "मेंढरं आडुळच्या बाजूला आल्यात म्हणं."

झालं तर. गरज सरो, वैद्य मरो. ब्लेंडर माळ्यावर ठेवायला ती स्टुलावर चढली, पण हात वर जाईना. तशीच खाली उतरून भिंतीला टेकून बसली. चहासुद्धा केला नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा दार वाजलं. दारात बिरू. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. त्यानं तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्याचा मोकळा, भरदार आवाज तिनं ऐकला.

"जेवलीस का?"

द्वारका बघतच राहिली. आई गेल्यापासून हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. तिला रडू आवरेना.

"अगं... आता काय झालं?" तो गडबडला. "रोज भिंतीपलीकडून ऐकतो मी. मला पाजून झालं की तुझं एकच भांडं वाजतंय. ताट कधी वाजलंच नाय. म्हनलं, तोंड सुटलं की पहिलं हेच इचारायचं."

त्यानं गाठोडं सोडलं. बाजरीच्या भाकरी, वर लसणाचा ठेचा. "मीच थापल्यात. मेंढरामागं फिरणाऱ्याला भाकरी येतीच. आईला समदं सांगून आलोय."

"समदं म्हंजे?"

तो खाली बसला. तिच्यासमोर ताट मांडलं. भाकरीचा तुकडा मोडून, ठेच्याला लावून तिच्या तोंडाशी नेला... आणि थांबला.

"घास भरवताना नाव घेत्यात ना आपल्यात?" तो लाजला. घसा खाकरून म्हणाला,

"ताकाला लागती रवी, खिचडीला लागतं बटण,
द्वारकाचं नाव घेतो, आता मीच रांधीन मटण!"

रडता रडता ती खळखळून हसली आणि नेमका तेव्हाच त्यानं घास भरवला. ठेचा झणझणीत होता. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आता तू सांग," तो हळूच म्हणाला. "चालंल का... हे रोज?"

तोंडात घास होता, बोलता येईना. मग त्याच्यासारखंच, मिटल्या दातांमागून ती म्हणाली, "व्हय."